तिघींतल्या दोघी

"डबा नाही!"

रविवारी सकाळी सातला सुधन्वा कारखानीस बागेत गुडघ्यांवर बसून असे काही ओरडले की दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीच्या चारही टॉवरांवरची कबुतरं एकदम उडाली. वीसेक माणसं जमली होती. सगळ्यांनी आधी रिकाम्या खड्ड्याकडे पाहिलं आणि मग, कुणी न सांगता, मुरलीधररावांकडे.

तसं पाहायला कारणही होतं.

जिओकॅशिंगचं वेड इथल्या मराठी मंडळींना मुरलीधररावांनीच लावलं. एकाने डबा लपवायचा, फोनवर जागा आणि एक कोडं टाकायचं, बाकीच्यांनी रविवारी जमून शोधायचं. पहिल्या शोधणाऱ्याचं नाव डब्यातल्या वहीत सर्वांत वर. पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं इंजिनियर राहिलेले मुरलीधरराव या ग्रुपचे संस्थापक, अध्यक्ष आणि एकमेव कोडेकार होते. मग गेल्या दिवाळीत पानिपतची सूतगिरणी सोडून सुधन्वा इथे राहायला आले आणि लोकांना त्यांची कोडी आवडायला लागली.

तेव्हापासून मुरलीधररावांच्या मत्सराने काय काय झालं ते शेजारपाजारी विचारा. त्यांच्या घरी विरजण लावलं की तासाभरात दही आंबट. एकदा त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई सहज म्हणाल्या, "सुधन्वाभाऊजींचं डोकं काय चालतं हो!" आणि त्याच मिनिटाला लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मेकॅनिक तीन तास खपला. म्हणाला, मशीन में कोई खराबी नहीं है.

आणि आता सुधन्वांचं हे कोडं. बागेत चार फुटी प्लास्टिकचा पाईप उभा केलेला, बूड बंद, तोंड उघडं. जमिनीपासून एक, दोन आणि तीन फुटांवर उदबत्तीच्या काडीएवढी तीन भोकं, एकाच बाजूला. त्यावर चिठ्ठी: "काठोकाठ भरा, भरलेला ठेवा. तिघींतल्या दोघी जिथे भेटतील, तिथे मी."

मुरलीधररावांनी ते शुक्रवारी पाच मिनिटांत सोडवलं होतं आणि नंतर दोन रात्री झोपले नव्हते.

"मला बोलायचं नव्हतं यार," यतीन सर पुढे आले. कोचिंग क्लासमध्ये स्पर्धापरीक्षांचं विज्ञान शिकवणारे. आपल्या चार विद्यार्थ्यांना त्यांनी आज मुद्दाम मेट्रोने बोलावून घेतलं होतं. "पण काल दुपारी तीनला मी खिडकीतून पाहिलं. मुरलीधरराव इथे बादलीने पाणी ओतत होते."

सर सगळ्यांकडे वळले.

"अध्यक्षच असं करणार असतील तर त्यांनी ग्रुपमध्येही राहू नये. आत्ताच ठरवू. कोण कोण सहमत?"

दोन हात वर गेले. मग पाच. इंदुमतीबाई नवऱ्याच्या कानाशी आल्या. "अहो, खरं सांगा. तुम्ही नाही ना घेतला?"

बाकी सगळं मुरलीधररावांनी गिळलं असतं. हे गिळवेना.

ते खड्ड्यांपाशी गेले. खड्डे एकूण सहा, पाईपासमोर सरळ रेषेत. पहिला सिमेंटच्या बाकाला लागून, पाईपपासून सहा फुटांवर. शेवटचा, जिथून डबा गेला तो, साडेतीन फुटांवर. पहिला सोडून प्रत्येक खड्ड्याची माती बाकाच्या बाजूच्या खड्ड्यात पडलेली. म्हणजे चोर बाकापासून पाईपकडे उकरत आला होता.

"हात वर ठेवा हवं तर," ते वळून म्हणाले. "पण सरांना चार प्रश्न विचारू द्या. सर, पाईप भरलेला होता?"

"काठोकाठ."

"धारा किती चालू होत्या?"

"तिन्ही. बिल्कुल स्पष्ट दिसत होतं."

"सर्वांत लांब कुठली जात होती?"

सर हसले. "हे काय विचारता? सर्वांत खालची. तिथे पाण्याचा दाब सर्वांत जास्त. सहावीतलं पोरगंसुद्धा सांगेल."

"लांब म्हणजे कुठपर्यंत?"

"त्या बाकापर्यंत. बाक भिजलेला मी स्वतः पाहिला."

"डोळ्यांनी?"

"नाही, कानांनी!" सर म्हणाले. विद्यार्थी हसले.

"छान," मुरलीधरराव म्हणाले. "इंदू, पाणी आण."

इंदुमतीबाईंनी चार बादल्या आणल्या. सुधन्वा मगाने पाईप भरत राहिले, पाणी काठावरून खाली उतरू न देता. तीन धारा सुटल्या. सरांची विद्यार्थिनी ऋचा, नांदेडची, विटेचे तुकडे घेऊन उकिडवी बसली आणि जिथे धार पडेल तिथे तुकडा ठेवू लागली.

"मधली सर्वांत लांब!" ती ओरडली. "चार फूट. बाकाच्या जवळपासही नाही." मग तिची मान तिरकी झाली. "आणि काका, वरची आणि खालची एकाच जागी पडतायत. त्या शेवटच्या खड्ड्यात!"

"तिघींतल्या दोघी," मुरलीधरराव म्हणाले. "खालच्या भोकाशी दाब जास्त, म्हणून पाणी जोरात सुटतं. पण जमीन लगेच येते, बिचारीला पळायला वेळ मिळत नाही. वरचीला वेळ भरपूर, पण जोर नाही. दोघींचं भाग्य सारखंच, म्हणून दोघी एकाच जागी. मधलीला दोन्ही बेताचं मिळतं, ती पुढे जाते."

"पण पुस्तकांतल्या सगळ्या चित्रांत तर..." सरांचा आवाज घसरला.

"चित्रांत खालची लांब काढतात. काढणाऱ्याने बादली कधी उचललेली नसते. पाणी वरच्या भोकाच्या खाली उतरलं की खालची पुढे जाते, खरं आहे. पण तेव्हा वरची बंद पडलेली असते. तिन्ही चालू असताना खालची सर्वांत लांब, हे या पाईपने कधी केलं नाही आणि करणार नाही. तुम्ही काल कुणालाच पाणी ओतताना पाहिलं नाही, सर. तुम्ही पाठ केलेलं चित्र पाहिलंत."

कुणाचा तरी वर गेलेला हात खाली आला. मग बाकीचे.

"आता खड्डे बघा. मला किंवा कोडं सुटलेल्या कुणालाही एकच खड्डा पुरला असता. हा माणूस आधी बाकापाशी उकरतो. का? कारण त्याच्या डोक्यातली धार तिथे पडते. तिथे डबा नाही, म्हणून आत, आणखी आत, सहा वेळा. आणि ती डोक्यातली धार बाकापर्यंत जाते हे आत्ता आपल्याला कुणी सांगितलं?"

ऋचाने सरांकडे पाहिलं. त्या एका नजरेने सरांचं उरलंसुरलं अवसान गेलं.

"डबा स्कूटरच्या डिकीत आहे," ते खाली बघत म्हणाले. "मी मुलांना सांगून बसलो होतो, पहिलं नाव माझंच असेल. पण दोन धारा एकत्र येतातच कशा, ते काही केल्या कळेना. यांच्यासमोर अडलो असतो तर... आणि मुरलीधरराव जळतात हे सगळ्यांनाच माहीत. वाटलं, लगेच पटेल."

"पटलं की," मुरलीधरराव म्हणाले आणि बायकोकडे पाहिलं. इंदुमतीबाईंनी बादली उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

"जळतो मी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बत्तीस वर्षं पाण्यात काढली आणि हे कोडं मला सुचलं नाही, याला सुचलं. मी डबा चोरला नसता. फार तर पाईप चोरला असता."

सुधन्वांनी हातातला मग खाली ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते. की पाईपाचं पाणी उडालं होतं, देव जाणे. "मुरलीधरराव, पुढचं कोडं आपण मिळून करू या का? नाव तुमचंच आधी."

"छे, उपकार नकोत. सरळ अकारविल्हे लावू." स च्या कितीतरी आधी म येतो, हे त्यांनी मनातल्या मनात दोनदा तपासलं होतं.

"चलो, झालं तर मग," इंदुमतीबाई ओले हात पदराला पुसत म्हणाल्या. "कोडं माझ्याकडे तयार आहे. लिहा: इंदुमती, मुरलीधर, सुधन्वा."