जहाल वनमाला ठोसर

वनमाला ठोसर जहाल असल्याचं सरकारी पत्र आलं, तेव्हा त्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या.

पत्राला पुरावा जोडला होता. वार्षिक कलचाचणीत ‘वॉर्डातलं प्रसूतिगृह चालू ठेवावं का?’ या प्रश्नावर अख्ख्या वॉर्डानं लिहिलं होतं, ‘सांगता येत नाही.’ वनमालाबाईंनी लिहिलं होतं, ‘ठेवलेलं बरं.’

त्याच प्रश्नावर रविवारी मतदान होतं. मुलीला, केतकीला, सातवा लागला होता आणि दुसरं प्रसूतिगृह साठ किलोमीटरवर होतं. बाई तडक तहसिलीत जाऊन मापनतज्ज्ञ डॉ. सरनोबतांपुढे बसल्या.

“मी काय बॉम्ब ठेवला हो?”

“छे, ताई. बॉम्बवाले पहिल्याच वर्षी गेले.”

सरनोबतांनी चहा मागवून समजावलं. आपलं मत राज्याच्या सरासरीपासून जितकं लांब, तितका आपला विचलनांक मोठा. सर्वांत मोठे आकडेवाले दहा टक्के लोक दरवर्षी जहाल ठरायचे आणि मतदारयादीतून जायचे. लोकशाहीला टोकाच्या माणसांपासून वाचवायचं होतं. पहिल्या वर्षी लोकांनी पेढे वाटले. मग टीव्हीवर ओरडणारे गेले, मग पत्रकं वाटणारे, मग पेढे वाटणारे. यंदा बाविसावं वर्ष होतं.

“वर्गातली उंच पोरं काढली, तरी उरलेल्यांत कुणीतरी उंच असतंच ना.”

“मग हे थांबणार कधी?”

“ते कायद्यात लिहायचं राहून गेलं. लिहा म्हणणारे एक गृहस्थ होते. गेल्या वर्षी गेले यादीतून.”

“मी हरकत घेते.”

“हरकत म्हणजे आणखी एक मत, ताई. त्यापेक्षा उत्तर बदला. मतदान गुप्त असतं, तिथं काय करायचं ते करा. मी काही बोललो नाही.”

बाईंनी ‘सांगता येत नाही’ लिहिलं.

“जरा कमी ठसठशीत,” सरनोबत हळूच म्हणाले.

घरी शेजारच्या कमलबाईंनी विचारलं, “रविवारचं काय मग?”

“आपलं काय असणार!”

“तेच ना. आपलं काय असणार!”

सोमवारी शाळेच्या मैदानावर निकाल लागला. मतदार उरले होते दोनशे सात. ‘बंद करा’ : शून्य. ‘सांगता येत नाही’ : एक. ‘चालू ठेवा’ : दोनशे सहा.

वनमालाबाईंनी कमलबाईंकडे पाहिलं. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं.

सरनोबतांनी मात्र ध्वनिक्षेपकावर घसा खाकरला. मतदानाचे आकडेही मापनात धरतात, म्हणाले. राज्याची सरासरी ‘सांगता येत नाही’ असताना हा वॉर्ड फारच लांब गेला होता. दोनशे सहा जण जहाल ठरले, त्यांची मतं रद्द झाली. मतदान गुप्त, त्यामुळे तो एक मवाळ कोण, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून यादीच सरसकट रद्द. त्या एका वैध मतानुसार प्रसूतिगृह निर्णय होईपर्यंत बंद.

“अहो, पण आमचं सगळ्यांचं एकच मत आहे!”

“वॉर्डात, ताई,” सरनोबत म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते गेल्यावर मैदान बाजारासारखं गजबजलं. प्रसूतिगृहाला कुठला रंग हवा, किती खाटा हव्यात, यावरून कमलबाई आणि पोस्टमन चांगलेच भांडले. कित्येक वर्षांत त्या वॉर्डात कुणी इतकं मोकळं बोललं नव्हतं. आता काही धोका नव्हता. मोजणारं कुणी उरलं नव्हतं.