नाव नसलेला चौकोन

भिंतीएवढ्या पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी चौकोन होते आणि त्यांतल्या एकशे त्र्याऐंशी चौकोनांना नाव होतं. उरलेला एक उत्तरा टिपणीसला सकाळी नऊच्या सुमारास दिसला आणि तिच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

कोकण किनाऱ्यापासून दूर, नव्वद मीटर खोल पाण्यात 'जलनिवास' उतरवायचा होता. सहा माणसं त्यात चाळीस दिवस राहणार होती आणि उत्तराचा धाकटा भाऊ निशिकांत त्या सहांपैकी एक होता. उत्तरा प्रकल्पाची नियोजनप्रमुख. कोणतं काम कोणत्या कामाआधी व्हायला हवं याचं क्रमजाल आखणं, एवढंच तिचं काम. वीस वर्षं ती विभागाविभागांत फिरून "तुमच्या आधी कोण?" असं विचारत चौकोन मांडत आणि बाण ओढत आली होती. आता ते क्रमवेधक नावाचं यंत्र करायचं.

"सर, हा चौकोन कोणी घातला?" तिने विचारलं.

डॉ. रेगे प्रकल्पाचे संचालक. क्रमवेधक त्यांच्याच डोक्यातून निघालेला, त्यामुळे त्याच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज लेकाचं कौतुक सांगणाऱ्या बापासारखा व्हायचा.

"कोणी घालूच शकत नाही. माणसांना विचारलं की ती सोयीचं सांगतात. क्रमवेधक विचारत नाही, पाहतो. कोणतं कपाट कोणी उघडलं, कोणता नकाशा मागवला, कोण कोणाकडे गेलं. खोल पाण्यातल्या आधीच्या एक्केचाळीस प्रकल्पांच्या अशा नोंदी त्याने पचवल्यात. एक काम दुसऱ्याशिवाय कधीच तडीला गेलेलं नसेल, तरच तो त्या दोघांमध्ये बाण काढतो."

"आणि नावं?"

"ती आराखड्यातून घेतो. काम प्रत्यक्षात होतं, पण आराखड्यात कोणी लिहिलेलंच नाही, असं असलं की चौकोन येतो, नाव येत नाही."

पांढरा चौकोन 'अवतरण', म्हणजे निवास पाण्यात उतरवणं, या शेवटच्या कामाच्या आधी होता. मुदत नऊ दिवस.

"म्हणजे इथे कोणीतरी आपल्याला न सांगता काहीतरी करतंय," उत्तरा म्हणाली.

"किंवा करणार आहे." रेगे हसले. उत्तराला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून तिचा कोणावर म्हणून विश्वास राहिला नाही. ज्या खोल्यांशी तिचा कधी संबंध आला नव्हता तिथे ती जाऊन उभी राहू लागली. कुलपांच्या नोंदी चाळल्या, जुने नकाशे मागवले, भांडारातल्या माणसांशी उगाच गप्पा मारल्या. निशिकांत जेवताना म्हणाला, "ताई, भाजीकडेसुद्धा संशयाने बघतेयस. मीठ कमी आहे, एवढाच तिचा गुन्हा." तिने ते हसण्यावारी नेलं. पण तो हात धुवायला उठला तेव्हा तिने कुलपांच्या नोंदी पुन्हा पुढ्यात ओढल्या.

चौथ्या दिवशी नाव सापडलं. दिगंबर कोळंबकर, दारांच्या जोडणीचे प्रमुख. निवासाचं दार ज्या रबरी कडीवर घट्ट बसतं, त्या कड्यांचं कपाट त्यांनी काही काम नसताना तीनदा उघडलं होतं. माणूस निवृत्तीला आलेला, साधा, सकाळी सगळ्यांची विचारपूस करणारा. उत्तराला आता ती विचारपूसही सोंग वाटू लागली. पाच दिवस तिने त्यांच्यावर डोळा ठेवला आणि नवव्या दिवशी कपाटापाशीच गाठलं.

"कोळंबकर, या कड्यांचं काय चालवलंय तुम्ही?"

त्यांचा चेहरा उतरला. "चालवतो काय, मॅडम? नुसता हातात घेऊन बघत होतो. कडी बोटांना कडक लागते. प्रमाणपत्र तर चोख आहे. बोलू कुठल्या तोंडाने? म्हणतील, या म्हाताऱ्याला आता यंत्रापेक्षा जास्त कळायला लागलं."

दोघांनी मिळून एक कडी गार पाण्यात, दाबाखाली ठेवली. चाळीस मिनिटांत तिला केसाएवढी चीर पडली. दुसरीलाही पडली. सगळा गठ्ठाच चुकीच्या रबराचा होता. उत्तरा तिथल्या स्टुलावर बसली आणि कोळंबकरांसमोर लाज न बाळगता रडली.

ती परतली तेव्हा पडद्यावरचा पांढरा चौकोन हिरवा झाला होता. काम पूर्ण.

ते काम म्हणजे तिची शंका होती. ज्या प्रकल्पांत कोणीतरी असं नेमून न दिलेल्या जागी नाक खुपसत हिंडलं होतं, तेच तडीला गेले होते. त्याचं नाव कोणत्याच आराखड्यात नव्हतं, म्हणून चौकोन निनावी राहिला होता.

रेग्यांना आनंद मावेना. नव्या कड्या मागवल्या गेल्या, अवतरण तीन आठवडे पुढे ढकललं गेलं आणि चौकोनाला रीतसर नाव मिळालं. 'शंकानिरसन'. त्याचा एक फॉर्मही निघाला. सहा विभाग, प्रत्येकापुढे 'शंका आहे' किंवा 'शंका नाही', आणि खाली सही. अवतरणाला चार दिवस असताना फॉर्म सकाळी फिरायला निघाला आणि जेवणाच्या सुट्टीआधी सहा सह्या घेऊन परत आला. शंका कोणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'शंकानिरसन' आणि 'अवतरण' यांच्या मध्ये एक नवा पांढरा चौकोन उगवला होता. नाव नाही. मुदत नऊ दिवस.

उत्तराने रेग्यांना फोन लावायला हात उचलला आणि खाली ठेवला. ते यालाही नाव देतील. त्याचाही फॉर्म निघेल आणि त्यावरही जेवणाच्या सुट्टीआधी सह्या होतील.

तिने जुन्या एक्केचाळीस प्रकल्पांचे आराखडे उघडले. त्यांतले एकोणतीस सुखरूप पार पडले होते. त्या प्रत्येकात शेवटाकडे कुठेतरी आठ-दहा दिवसांचं एखादं फुसकं काम होतं. 'सामानाची प्रतीक्षा'. 'यंत्र थंड होणे'. 'रंग वाळणे'. तिच्यासारखे नियोजक त्यांना फुगवलेले दिवस म्हणतात आणि पहिल्याच वाचनात लाल पेन्सिलीने छाटतात. पण कपाटं उघडल्याच्या, नकाशे मागवल्याच्या नोंदी नेमक्या त्याच दिवसांत दाटल्या होत्या. माणसांना रिकामा वेळ मिळाला होता, आणि रिकाम्या वेळात त्यांनी पुन्हा एकदा हात लावून पाहिलं होतं. बुडालेल्या बारा प्रकल्पांचे आराखडे मात्र देखणे होते. एकही दिवस फुकट नव्हता.

या प्रकल्पातले असे सोळा दिवस उत्तराने स्वतः छाटले होते. सभेत तिचं त्यासाठी कौतुकही झालं होतं.

तिने एक नवा चौकोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटा बाण ओढला. 'बाहेरचा रंग वाळणे, नऊ दिवस.'

पाच मिनिटांत रेग्यांचा फोन. "टिपणीस, रंग वाळायला नऊ दिवस?"

"समुद्राची हवा, सर. दमट असते."

"हा बाण क्रमवेधकाने काढला की तुम्ही?"

"मी."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," रेगे म्हणाले. "बरं. नऊच. दहावा नको."

संध्याकाळी कोळंबकर दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, रंग तर गेल्या महिन्यातच वाळलाय."

"माहीत आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची ओढली. "सुरुवात कुठून करायची?"

उत्तराने तो सहा सह्यांचा फॉर्म पुढे सरकवला. तिचं बोट पहिल्या ओळीवर होतं. नियोजन विभाग, शंका नाही, उ. टिपणीस.

"इथून," ती म्हणाली. "ही सही मी दोन फोनांच्या मध्ये केली होती."