डाव्या खांद्यावरचा वळ

"माझ्या इरफाननं गाडी चालवलीच न्हाई, मतीनभाई!" खुर्शिदा दारातच खाली बसली. "त्याचा बाप ट्रक चालवताना मेला तवाच म्या त्याला माझ्या गळ्याची शपथ घातलीया. स्टेरिंगला हात लावायचा न्हाई म्हणून. त्यो शपथ मोडायचा न्हाई."

साल २००३. आठवड्यापूर्वी उत्रोलीच्या हनुमंतानं पुण्याहून जुनी मोटार घेतली. इंजिन पारखायला त्यानं भोरचा फिटर इरफानला सोबत नेलं होतं. परतताना कापूरहोळला गाडी भोर रस्त्याकडे उजवीकडे वळली आणि साताऱ्याहून येणारा ट्रक तिच्या डाव्या अंगात घुसला. हनुमंत वाचला, इरफान गेला. पंचनाम्यात चालक म्हणून इरफानचं नाव लागलं. पोरगं प्यायलं होतं, असंही लोक भोरात कुजबुजू लागले. मेलेला माणूस काय उलट बोलणार!

मतीननं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत वीस वर्षं मोटारी मुद्दाम ठोकून त्यांची चाचणी घेतली होती. आता तो वकिलांसाठी अपघातांचा छडा लावायचा. त्याचा सोबती कुंडलिक एसटीचा निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं तिकिटं फाडूनही जो बोलेल त्याचं खरं मानायची त्याची खोड गेली नव्हती.

कापूरहोळच्या फाट्यावर चहाचं दुकान चालवणारी रतनबाई ठाम होती.

"म्या सोता बघितलं. पोराला डायवरच्या दारातनं वडून काढला."

कुंडलिकाचं तोंड उतरलं.

"आणि हनुमंत?" मतीननं विचारलं.

"त्यो आदीच भाईर येऊन रस्त्यावर बसला हुता, डोकं धरून."

"पलीकडचं दार?"

"त्ये कसलं दार ऱ्हातंय! पार आत गेलं हुतं."

उत्रोलीत हनुमंत ओसरीवर बसला होता. डाव्या कानावर टाके, बाकी धडधाकट.

"इरफानच चालवत हुता. मी डावीकडं, शेजारी."

"सीटचे पट्टे?"

"दोघांनीबी लावलं हुतं. हायवेला पोलीस असत्यात."

"बरगड्या, कंबर?"

"कायबी न्हाई. देवाची कृपा." बोलताना त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी दोघं इरफानच्या मामाकडे, अल्लाउद्दीनकडे गेले. दफनाआधी मय्यतीला गुस्ल, म्हणजे अंघोळ, त्यानंच घातली होती.

"अंगावर काय दिसलं, मामू?"

म्हातारा हात चोळू लागला. "डाव्या खांद्यापासनं उजव्या कमरंपर्यंत निळा वळ. उजव्या कानामागं खोक. आन् डाव्या बरगड्या... हाताखाली काय उरलंच न्हवतं. दवाखान्यात नेईपर्यंत जीव हुता म्हणं."

दुसऱ्या दिवशी मतीननं खुर्शिदा आणि अल्लाउद्दीनला उत्रोलीला आणलं. हनुमंताच्या ओसरीवर त्यानं शेजारी शेजारी दोन खुर्च्या मांडल्या आणि उजव्या खुर्चीत कुंडलिकाला बसवलं.

"हे चालक. यांचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावरून येतो तो शेजारच्याचा. इरफानचा वळ कुठल्या खांद्यावर होता, मामू?"

"डाव्या," अल्लाउद्दीन पुटपुटला.

"पण रतनबाईनं स्वतः बघितलं की!" कुंडलिक म्हणाला.

"ती खरंच बोलली. डावं दार चेपलं होतं, काढायला वाट एकच. चालकाच्या दारातून काढला, म्हणून लोकांनी त्याला चालक ठरवलं. हनुमंता, तू डावीकडं होतास, तर त्याच्या आधी बाहेर कसा आलास? त्याच्या अंगावरून?"

हनुमंताचा हात डाव्या कानाकडे गेला.

"आम्ही गाडीत पुतळे बसवून ठोकायचो. त्यांची बरगडी किती दबली, ते मोजायचो. समोरून धडक बसली तर पट्टा माणसाला धरतो. बाजूनं बसली की दारच अंगावर येतं. मधे वीतभर जागा, तिथं पट्टा काय करणार? धडकेकडं बसलेल्याच्या बरगड्या जातात. पलीकडचा पट्ट्यातून निसटून शेजाऱ्यावर आपटतो." मतीननं कुंडलिकाचं डोकं डावीकडे झुकवलं. "याचा डावा कान, त्याची उजवी बाजू. तुझे टाके, हनुमंता, आणि त्याची खोक."

हनुमंत ढसाढसा रडू लागला. "मला लायसन न्हवतं. भ्यालो. म्या त्याला म्हणलं हुतं, हायवेला तरी तू चालव. तर म्हणला, अम्मीची शपथ हाय. तूच चालव, मी शेजारी बसून सांगतो."

"पाळली!" खुर्शिदा उठून उभी राहिली. "ऐकलंत? पाळली माझ्या लेकानं शपथ!" आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

मग तिची नजर त्या दोन खुर्च्यांवर गेली आणि तिथंच राहिली.

"मतीनभाई," ती हळूच म्हणाली, "उजवीकडचा वाचतो न्हवं?"

मतीननं जमिनीकडे बघत होकाराची मान हलवली.

"म्या शपथ घातली नसती, तर त्यो हितं बसला असता." तिनं कुंडलिकाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय ना?"

"भाभी, तसं नसतं..." कुंडलिक बोलू लागला.

खुर्शिदानं पदर डोक्यावर ओढला. "कागदावर हाय तसंच ऱ्हाऊ द्या. चालवली असंल त्यानंच. मोडली असंल माझी शपथ."

ती एकटीच पायऱ्या उतरून गेली. अल्लाउद्दीन तिच्यामागं धावला. कुंडलिक मात्र त्या खुर्चीतून कितीतरी वेळ उठलाच नाही.