पत्र्याचं की कापडाचं?

"अवो, पुढं पाय नका टाकू... चुलीवर पडेल!"

मी दचकून मागे सरले. खाली बघते तर सिमेंटच्या जमिनीवर नुसत्या खडूच्या रेघा! बाबांना शोधत मी बोईसरच्या त्या वेल्डिंगच्या शेडमध्ये शिरले होते, आणि काळा चष्मा कपाळावर चढवलेला हा माणूस मला नसलेल्या चुलीची भीती घालत होता.

"कुठं हाय चूल?"

"तुमच्या पायाशी. आता बाहेर या... नाय, तिथून नाय, ती भिंत हाय. दारातून!"

आणि मी – नलू, जिच्यापुढे जत्रेतले टगेसुद्धा जपून बोलतात – मुकाट खडूच्या दारातून बाहेर आले. तो हसला. मला राग यायला हवा होता. आला नाही, तिथेच सगळं चुकलं.

त्याचं नाव एकनाथ. तो आखत होता ते आमचंच घर होतं. आमचा धंदा जत्रेतल्या पाळण्यांचा. दिवाळी सरली की आमचं गाव, शिरगाव, सोडायचं आणि वैशाखापर्यंत या जत्रेतून त्या जत्रेत, तंबूत राहायचं. पण सत्त्याऐंशी साली आईच्या कंबरेने दगा दिला आणि बाबांनी ठरवलं, जीपमागे ओढायचं चाकांचं घर करायचं. एकनाथने खऱ्या मापाची दोन घरं शेजारी शेजारी आखली होती. एक सगळं पत्र्याचं. भक्कम, कुलूपबंद, पण जड, आणि आत झोपायला दोनच बाकं. दुसरं निम्मं पत्र्याचं, निम्मं कापडाचं. मुक्कामाला बाजूची फळी बाहेर पाडायची, वर ताडपत्री ताणायची, की आणखी एक खोली तयार.

"दोन बाकं पुरे," बाबा त्याला म्हणाले. "नलूला पुढच्या रविवारी पालघरचे पाव्हणे बघायला येतात. तिला तरी पक्कं छप्पर मिळू दे."

एकनाथ खाली वाकला आणि ओढलेलीच रेघ पुन्हा ओढत बसला.

त्या आठवड्यात मला बोईसरला जायला किती कामं निघाली, काय सांगू!

"ताडपत्रीला खिडकी कुठं ठेवू?" तो मान वर न करता विचारायचा.

"मला कशाला इचारता? मी तर पालघरला जाणार."

"जाणार?"

"बाबा म्हणतात..."

"मी बाबांना नाय इचारलं."

तेवढं बोलून गडी पुन्हा चष्म्याआड! ठिणग्या उडायच्या आणि मी दाराशी जळत उभी. याला तोंड नाही का? खिडकीचं विचारतो, दुसरं काही का विचारत नाही? दिवस हातातून चालले होते, आणि रात्री तंबूचं कापड शिवताना सुई बोटात घुसत होती.

शनिवारी बाबा आईला घेऊन शेडमध्ये आले. पत्रा आणायला टेम्पो निघायच्या बेतात होता. आम्हा पाळणेवाल्यांत झोपायची जागा अंग टाकूनच पसंत करतात. एकदा तिथे पाठ टेकली की ती जागा आपली, मग बदल नाही. बाबा पत्र्याच्या घरात खडूच्या बाकावर आडवे व्हायला निघाले, आणि त्यांची नजर शेजारी गेली.

"ही कापडाखालची जागा कोणाची?"

"नलूची," एकनाथ म्हणाला.

"साडेचार फूट रुंद? माझी पोरगी काय म्हैस हाय?"

आई हसली. एकनाथ हसला नाही.

"एकटीची नाय ती." त्याने खडू खाली ठेवला. "काका, दर साली पाळण्याची पिन तुटली की तुमी वेल्डर शोधत फिरता. मी येतो संगती. नलूची... नलूची ना नसेल तर."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला.

"तिला इचारलंस?"

"नाय... धीर झाला नाय."

"वा रे मर्दा!" बाबा माझ्याकडे वळले. "नलू, उद्याचा मुलगा नोकरीवाला हाय. चाळीत खोली हाय, दारात नळ हाय. माझ्यासारखं वणवण नाय. नीट इचार कर. हा टेम्पो आता निघेल, पत्रा किती आणायचा ते ठरायला हवं. पत्र्याचं का कापडाचं?"

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. एकनाथ माझ्याकडे बघतही नव्हता, खाली मान घालून उभा होता. आज गप्प राहिले असते तर जन्मभर स्वतःला कोसत बसले असते.

मी चपला काढल्या. कापडाच्या घरात गेले, आणि सगळ्यांच्या देखत त्या साडेचार फुटांच्या एका कडेला आडवी झाले. उरलेली जागा मोकळी सोडली. डोळे गच्च मिटून घेतले.

"अगं बाय माझे!" आई पुटपुटली.

"हेच घर," मी म्हणाले. "आणि... हाच माणूस."

मग बाबांच्या वहाणा वाजल्या. त्या माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या. आता उठवतात हात धरून, मला वाटलं.

"एकनाथ."

"हां, काका..."

"पाच फूट कर. झोपेत लाथा मारते ती."