सगळ्यात वरचा टॅग

दुपारचे तीन वाजले होते आणि ठमाताईची स्वारी खुशीत होती. चार वाजता इस्पितळाच्या बालविभागातल्या सलाईन पंपांना प्रोग्रामची नवी आवृत्ती पाठवली, की सुटलो! काम एवढंसं. आजवरच्या आवृत्त्यांच्या टॅगांची, म्हणजे त्यांना लावलेल्या खुणेच्या नावांची, यादी काढायची आणि त्यातली सगळ्यात ताजी धाडून द्यायची.

शेजारची टेस्टर पडद्यात डोकावली. "शेवटी १.९ दिसतेय. हीच ना पाठवायची?"

"अगं बाई! ही यादी शब्दकोशासारखी लागलीय. हिच्यात १.१० येते १.२ च्या आधी. तुझ्या भरवशावर राहिले असते तर जुनीच गेली असती!" ठमाताईने हसत हसत यादी तारखेप्रमाणे लावली, ताजी सगळ्यात वर.

सगळ्यात वर १.११ होती.

१.११ तर कोणी केलीच नव्हती. प्रत्येक टॅगवर लावणाऱ्याने आपलं नाव आणि एखादी ओळ लिहायची, अशी तिथली पद्धत. नाव होतं मास्तरांचं. दोघींना हाताला धरून काम शिकवणारे मास्तर जाऊन तीन महिने होत आले होते. नावाखाली लिहिलं होतं, 'ठमे, दहा किलोच्या आतलं बाळ विसरलीस. नेहमीची घाई.'

"कोणीतरी थट्टा करतंय..." टेस्टर कुजबुजली. "आणि वेळ बघ... तीन वीस. आत्ता कुठे तीन पाच झालेत."

कोपऱ्यातली मास्तरांची रिकामी खुर्ची करकरली. खोकल्याच्या गोळ्यांचा ओळखीचा वास दोघींच्या मधून सावकाश गेला. ठमाताईच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण मास्तरांची बोलणी खायची सवय जुनी होती. तिने मुकाट्याने आपली १.१० चाचणीच्या पंपावर चढवली आणि वजन घातलं नऊ किलो.

पंपाने दहापट औषध सोडायला घेतलं.

एवढंसं बाळ, आणि एवढं औषध! १.११ उघडली तर तिच्यात एकच ओळ बदललेली. ती चढवून त्यांनी दोन किलोपासून वीस किलोपर्यंत सगळी वजनं घालून पाहिली. औषध प्रत्येक वेळी बरोबर आलं. चारच्या ठोक्याला तीच रवाना झाली.

"मेले तरी चुका काढायचं सोडत नाहीत!" ठमाताई डोळे पुसत हसली. तिला मास्तरांची फार आठवण आली. मग खात्री करावी म्हणून तिने यादी पुन्हा काढली.

वर आता १.१२ होती. नावं दोन, मास्तर आणि ठमी. 'दोघांनी शेजारी बसून केली.' तारीख येत्या गुरुवारची.

"गुरुवारी मी रजाच टाकते," ठमाताई म्हणाली. "मी इथे नसलेच, तर बसतील कोणाशेजारी?"

टेस्टरलाही हसू फुटलं. अर्ज गेला, साहेबांनी लगेच मंजूरही केला. लढाई जिंकल्याच्या थाटात ठमाताईने यादी आणखी एकदा काढली.

१.१२ ची तारीख बुधवारची झाली होती.