डाव्या हाताचा चाकू

"हात बदला ना ताई, मग उघडेल," दुकानदार म्हणाला.

"हात नाही बदलणार. चाकू बदला," ती म्हणाली.

घडीच्या चाकूंचा सातवा डबा काउंटरवर आला होता. प्रत्येक चाकूची खिशाला अडकवायची क्लिप नको त्या बाजूला, प्रत्येक पात्याची खाच नको त्या अंगठ्यासाठी. कोपऱ्यात धार लावायचं चाक फिरत होतं, ते अचानक थांबलं. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क आणि पापण्यांवर लोखंडाची भुकटी अशा अवतारातला कुणीतरी तिच्याकडे बघत होता.

"हसायला काय झालं?"

"हसलो नाही... ऐकलं."

"ऐकून झालं असेल तर धार लावा."

ती रिकाम्या हाताने बाहेर पडली. डाव्या, अर्थातच. याच हातावर शाळेत बाईंची पट्टी बसली होती. याच हाताने पाहुण्यांना कप दिला की आई अजूनही डोळे मोठे करायची. औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, मिलिग्रॅमचा दहावा भाग मोजायचं काम मिळालं, तरी साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलंच, "डाव्या हाताने जमेल ना?" जमलं. पाच वर्षांत एकही नोंद खोडावी लागली नव्हती.

तिचं खरं वेड मात्र घडीचे चाकू. चाकूवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर सगळे तिला 'दशांश' म्हणत, कारण कुणी "साधारण तीन मिलिमीटर" लिहिलं की ती "म्हणजे किती?" विचारल्याशिवाय राहत नसे.

चार महिन्यांनी एका सकाळी ग्रुपवर धमाल उडाली. 'कानस' या टोपणनावाच्या कारागिराने आपल्या येऊ घातलेल्या चाकूंच्या तीन नमुन्यांचे तीन फोटो टाकले होते. प्रत्येकात हिरव्या कापडावर उघडं पातं आणि शेजारी मापाची स्टीलची पट्टी.

"पहिल्याचा उतार बघा, काय देखणा आलाय!"

"दुसऱ्याची मूठ जाड वाटते."

"कानस, तिसरा फोटो उलटा टाकलायस बाबा."

शेवटी ग्रुपचे म्होरके काका अवतरले. ते निवृत्त ड्राफ्ट्समन, त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "फोटो आरशासारखा पलटलाय. क्लिप भलत्याच बाजूला आली. काढून पुन्हा टाक."

तिने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. मग लिहिलं, "फोटो पलटला असता तर पट्टीवरचे आकडेही पलटले असते. ते सरळ आहेत. फोटो बरोबर आहे. चाकू डावखुऱ्यांसाठी आहे."

ग्रुपवर दोघांनी आपापल्या कमेंट पुसल्या.

"डावखुऱ्यांसाठी?" काकांनी लिहिलं. "शंभरात दहा माणसं. त्यातली नऊ उजव्या हाताने निभावून नेतात."

"दहावी मी आहे."

थोड्या वेळाने तिला एकटीला निरोप आला. कानसचा. "पट्टी मुद्दाम ठेवली होती. नीट बघणारं कुणी आहे का, ते बघायचं होतं."

"मग? दिसलं?"

"दिसलं... रविवारी नमुने हातात घ्यायला सगळे येतायत. तुम्हीही या. पुढच्या शनिवारी कारखान्याचे साहेब येणार, ते यातला एकच कारखान्यात बनवायला निवडतील. चार वर्षं या दिवसाची वाट बघतोय."

रविवारी कार्यशाळेत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. दहा-अकरा जण चाकू हातोहात फिरवत होते. डोक्यावर चष्मा सरकवलेला एक जण पुढे आला आणि तिच्यासमोर तिसरा चाकू धरून म्हणाला, "बदलला."

तिला कळेना. मग त्या पापण्या दिसल्या... भुकटी तेवढीच. दुकानात चाकाशी बसलेला तोच हा कानस. तिचे कान गरम झाले.

तिने चाकू डाव्या हातात घेतला. क्लिप अगदी हवी तिथे, खाच अंगठ्याखाली आपसूक आली. तिने अंगठा सरकवला. पातं हललं नाही. पुन्हा. तसंच घट्ट.

"घ्या!" काका हसले. "शेवटी उजवा हातच कामाला येणार."

सगळे हसले. त्या हसण्यात तिला शाळेतल्या बाई दिसल्या, प्रयोगशाळेतले साहेब दिसले. समोर त्याचा चेहरा पडला होता. छान आहे म्हणून चाकू खाली ठेवणं सोपं होतं, पण खोटी नोंद तिने आजवर केली नव्हती. तिने चाकू उजव्या हातात घेतला, खाच तर्जनीने ढकलली. पातं लोण्यासारखं उघडलं. काकांनी टाळी वाजवली.

"थांबा, काका. टाळी लवकर होतेय." ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही हा कोणत्या हाताने उघडून बघितलात?"

"...उजव्या."

"दर वेळी?"

"दोनशे वेळा."

"म्हणूनच. उघडं पातं अडवून धरणारी मुठीतली ही पट्टी बघा. उजव्या हातात धरलं की बोटं पलीकडच्या बाजूला येतात. डाव्यात धरलं की नेमकी या पट्टीवर. बोटं पट्टी दाबतात, पट्टी पातं दाबते, पातं अडतं. चाकू केलात आमच्यासाठी, पण विचारलंत सगळं तुमच्या हाताला."

त्याने चाकू घेतला, डाव्या हातात धरला, अंगठा रेटला... आणि स्वतःच हसला.

"रोज संध्याकाळी याल? मला एक डावा हात हवाय."

"फक्त हात?"

"हातापासून सुरुवात करू."

सोमवारी तो कामाच्या टेबलाशी तिच्या डाव्या बाजूला बसला. त्याचा उजवा कोपर आणि तिचा डावा कोपर सारखे आपटू लागले.

"सरकता का?"

"मी नाही सरकणार. जन्मभर सरकलेय."

तो पट्टीचा ताण किंचित उतरवी, बोटं टेकतात तिथे कानशीने खळगा करी. ती उघडून बघे आणि वहीत लिही... शंभरात चाळीस वेळा उघडलं, शंभरात एकाहत्तर. बुधवारी त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"हे काय?"

"डाव्या हाताने भाजी चिरतोय. तुझं सगळं जग कसं असतं, ते कळावं म्हणून."

"'तुमचं'चं 'तुझं' कधी झालं?"

"काल. नोंद केली नाहीस?"

"केली होती," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "बोलले नव्हते."

शुक्रवारी शंभरात शंभर.

शनिवारी कारखान्याचे साहेब आले. ग्रुपही भिंतीला टेकून उभा होता. साहेबांनी तिसरा चाकू बराच वेळ फिरवून पाहिला. "काम सुरेख आहे. हाच घेऊ. फक्त उजव्या हाताचा करून द्या."

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उजवा देतो. पण डावाही निघेल. दोन्ही, नाहीतर एकही नाही."

"अहो, चार वर्षं..." ती त्याच्या कानाशी कुजबुजली.

"हात नाही बदलणार," तो म्हणाला. तिचंच वाक्य, तिच्याच सुरात.

साहेबांनी घड्याळ बघितलं, नमुने टेबलावर ठेवले आणि गेले.

"अक्कल गहाण टाकलीय पोराने," काका पुटपुटले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "माझी सून डावखुरी आहे. डावे चाकू हाताने करशील तेव्हा एक ठेव तिच्यासाठी. आणि ग्रुपवर बोंब मारू नकोस."

सगळे पांगले. दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. ती तिच्या स्टुलावर बसली. तो आपलं स्टूल उचलून नेहमीच्या जागी आला, थबकला आणि वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला बसला.

"आता कोपर लागणार नाही," तो म्हणाला. "तुझा डावा मोकळा, माझा उजवा मोकळा. कामाचे दोन्ही हात आपापल्या जागी."

"आणि हे दोन?"

टेबलावर तिचा उजवा आणि त्याचा चिकटपट्ट्यांचा डावा शेजारी-शेजारी पडले होते. मध्ये अंतर असेल चार सेंटीमीटर. साधारण.

"ते... तू ठरव," तो म्हणाला. "माझं तर त्या दुकानात चाक थांबलं तेव्हाच ठरलं होतं."

उजवा हात पुढे कर, असं तिला आयुष्यभर सगळ्यांनी बजावलं होतं. आज तो तिने पहिल्यांदा आपल्या मर्जीने पुढे केला.