काळे प्लग

ईनिडची गाडी काळा धूर सोडायला लागली ती ईनिडच्या माघारी. तिचा नवरा क्लॅरी हॉस्किन याने शेडमध्ये इंजिनाचे सगळे स्पार्क प्लग काढून बाकावर मांडले. सगळे काजळीने माखलेले. हवा कमी, पेट्रोल जास्त. ब्रोकन हिलच्या खाणीत त्याने जन्मभर इंजिनं दुरुस्त केली होती. त्याला यात नवल वाटलं नाही.

घाई मात्र होती. आपली रक्षा पोर्ट जर्मेनच्या लाकडी धक्क्यावरून समुद्रात सोडायची, आणि न्यायची ती माझ्याच गाडीतून, असं ईनिडने शेवटच्या आजारात त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. रविवारी तिची बहीण मेव्हिस तिथे वाट पाहणार होती. रक्षेची पेटी त्याने अंत्यसंस्कारवाल्यांकडून आणली तेव्हापासून गाडीच्या पुढच्या सीटवरच होती. घरात कुठे ठेवावी ते त्याला सुचलं नव्हतं.

शेजारचा नेव्ह पॅस्को चहाचा मग घेऊन डोकावला.

“चोकची मूठ बघ आधी. वहिनी तिला पर्स अडकवायच्या.”

“जन्मभर भांडलो त्यावरून.”

“मग?”

“मग काय? पर्स तिथेच.”

नेव्ह हसला. खरं तर गावातल्या निम्म्या बायका तेच करत. पर्सच्या वजनाने मूठ बाहेर यायची, कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप मिटायची आणि इंजिनाचा श्वास कोंडायचा. पण आता मूठ आत होती, आणि झडप उघडी.

क्लॅरीची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग एक फेरी मारून प्लग बघायचे. त्याने हवेची जाळी बदलली. प्लग काळे. पेट्रोल अडवणारी सुई बदलली. काळे. पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट खाली बसवला. काळे. शेवटी चोकची तार उपटली आणि झडपेचे स्क्रू काढून झडपच बाहेर काढली. हवा अडवायला आत काही उरलंच नाही.

फेरी मारून आला. प्लग काळे.

“बसने जा, लेका,” नेव्ह म्हणाला.

“तिच्या गाडीतून म्हटलंय ना. मग गाडीतूनच.”

रविवारी उजाडताच तो निघाला. तांबडं माळरान, तारांची कुंपणं, आणि आरशात मागे लांबवर काळा पट्टा. मॅनाहिलच्या बंद पडलेल्या स्टेशनाशी तो थांबला. बदलायचं राहिलेलं काय, याचा विचार करत स्टिअरिंग धरून बसला. मग त्याने शेजारच्या सीटकडे पाहिलं.

एकच गोष्ट राहिली होती.

पेटी उचलून त्याने स्टेशनाच्या दगडी ओट्यावर ठेवली. पुढे थोडं जाऊन आला. धूर नाही. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं. पेटी परत सीटवर ठेवून तेवढंच अंतर पुन्हा गेला. आरसा काळा झाला.

“सापडलं,” तो म्हणाला. कामावर म्हणायचा तसंच.

“समुद्र तूच म्हणालीस ना, ईनिड? नको होतं तर तेव्हा सांगायचंस.”

पेटीला त्याने पट्टा लावला आणि गाडी समुद्राच्या दिशेनेच काढली.

युंटाला टाकी भरली. पीटरबरोला पुन्हा भरली. पंपावरचा माणूस धुराकडे बघत म्हणाला, “काका, गाडी चालवताय की आगगाडी?”

“पोचली म्हणजे झालं.”

डोंगराची खिंड उतरली आणि समोर आखाताचं पाणी चमकलं. त्याच क्षणी धूर थांबला. इंजिनाचा आवाज स्वच्छ झाला.

“ऐकलंस बाई एकदाची,” क्लॅरी म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं.

मेव्हिस धक्क्याच्या तोंडाशी उभी होती. दोघं लाकडी फळ्यांवरून बरंच आत चालत गेले. मेव्हिसने झाकण उघडलं आणि तशीच थांबली.

“क्लॅरी, अंत्यसंस्कारवाल्यांकडे आपण दोघांनी बघितली तेव्हा रक्षा पांढुरकी होती ना रे?”

पेटी काठोकाठ काळ्या भुकटीने भरली होती. क्लॅरीने चिमूट बोटांत चोळली. तेलकट. नाकाशी नेली. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. काजळी होती.

“झाकण लाव,” तो म्हणाला.

तो एकटाच गाडीपाशी परतला. बॉनेट उघडलं. इंजिन अजून गरम होतं. फडक्यात धरून त्याने पहिला प्लग सोडवला आणि उजेडात धरला.

काळा नव्हता. त्याच्यावर मऊ, पांढुरकी राख साचली होती.

“सोडायची ना?” लांबून मेव्हिस ओरडली.

पाण्यावरून वारा सुटला होता. क्लॅरीने प्लगला तळहाताचा आडोसा केला, आणि न पुसता, अलगद, होता तिथेच परत बसवला.